आमच्या धोंड्याचं माप

आमच्या धोंड्याला सूर्याभोवती एक फेरी मारायला साडेचार वर्षं लागतात. तेवढ्या काळात आम्हा चौघांकडं किस्से इतके साठतात, की बोलायला बसलो की धोंडा राहतो बाजूला आणि हसता हसता चहा गार होतो!

चौघं म्हणजे कंधारचे सोनकांबळे सर, शाळेत भूगोल शिकवतात. उदगीरचे गुरुनाथआप्पा, आडत दुकानवाले. उमरीचे शेखभाई, घड्याळं दुरुस्त करतात. आणि मी, नांदेडच्या एका कॉलेजात फिजिक्सची लॅब सांभाळते. धोंडा म्हणजे मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात फिरणारा एक लघुग्रह. त्याला बारशाचं नाव आहे, पण ते कुणाच्याच तोंडात बसत नाही. म्हणून आप्पांनी त्याचा धोंडा केला.

सर या उन्हाळ्यात रिटायर होणार आणि मुलीकडं पुण्याला जाणार. "जायच्या आधी एका तरी धोंड्याचं माप आपल्या हातानं घ्यायचंय," एवढं एकच त्यांचं मागणं. आधीचे दोन धोंडे हुकले होते.

*

सुरुवातीला सरांनी आप्पांना समजावलं, की दुर्बिणीतून धोंडा नुसता ठिपका दिसतो. ठिपका किती उजळ, त्यावरून आकाराचा अंदाज करतात. कोळशासारखा काळा असेल तर तेवढ्याच उजेडाला धोंडा मोठा लागतो, पांढरा असेल तर लहान पुरतो.

आप्पा ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे बंद पोतं लांबून बघून मालाचा भाव सांगायलेत की हे! पोत्यात हात कोण घालणार?"

"तेच तर आपल्याला करायचंय!" सर म्हणाले.

*

सरांनी धोंड्याचे फोटो काढून त्याचा उजेड मोजला. तो कमीजास्त होत होता, म्हणजे धोंडा लांबट आणि गरगर फिरणारा. हे स्टाफरूममध्ये दाखवायला सरांनी डब्यातलं उकडलेलं रताळं टेबलावर फिरवलं. आडवं असलं की जास्त दिसतं, टोक समोर आलं की कमी. सगळे डोळे मोठे करून बघत होते. त्या दिवशी एकादशी. हेडमास्तरांचा उपास. त्यांनी रताळं शांतपणे उचललं, खाल्लं आणि म्हणाले, "सर, तुमचा ग्रह चांगला शिजलाय!"

*

माप घ्यायची युक्ती सोपी आहे. धोंडा एखाद्या ताऱ्यासमोरून जातो तेव्हा त्याची सावली आपल्या गावांवरून सरकत जाते. सावलीत उभं असलं की तारा काही सेकंद गायब होतो. वेगवेगळ्या गावांत किती सेकंद गेला ते लिहिलं, की प्रत्येक गावाची एक रेघ मिळते आणि रेघांवरून धोंड्याचा आकार.

यात वेळ अचूक पाहिजे. म्हणून मी शेखभाईंच्या दुकानात गेले. भिंतीवर तीसेक घड्याळं, प्रत्येकात वेगळाच टाइम! "शेखभाई, यातलं खरं कोणतं?"

"एक बी नै, मॅडम. खरा टाइम मोबाईलमधी हाय!"

*

पहिल्या धोंड्याच्या वेळी सरांनी सगळ्यांना कागद पाठवला. त्यावर वेळ होती तेरा पन्नास. ती ग्रीनविचची. आपल्याकडं त्यात साडेपाच तास मिळवायचे. आप्पांनी मिळवले नाहीत. दुपारी दोनला दहा कमी असताना भर आडत बाजारात, टळटळीत उन्हात, दुर्बीण लावून उभे! हमाल गोळा झाले. "आप्पा, काय बघायलाव?"

"तारा!"

संध्याकाळी ढग आले, ते वेगळंच.

*

एकदा दिवेलागणीला मी आप्पांच्या दुकानात गेले आणि उडदाची डाळ मागितली. "हाय की! बसा." बसले. चहा झाला. अर्धा तास झाला. शेवटी मागच्या दारानं शेजारच्या दुकानातली डाळ आली. मुनीमजी हळूच म्हणाले, "दिवे लागल्यावर मालक 'न्हाई' म्हणत न्हाईत. थोरल्या मालकांपासूनची रीत हाय."

लक्ष्मी यायच्या वेळी नाही कसं म्हणायचं! मला रीत फार आवडली. डाळही चांगली शिजली.

*

यंदाच्या धोंड्याची सावली कंधारवरून जाणार होती. नांदेड आणि उमरी आत येत होते. उदगीर अगदी काठावर.

"आन् माझ्याकडं तारा गेलाच न्हाई तर? मी फुकट का?" आप्पांनी विचारलं.

"फुकट कसे? तुमच्याकडं गेला नाही, म्हणजे धोंडा तुमच्या अलीकडं संपला. त्याचा काठ तुमच्याशिवाय कोण सांगणार? नाही तर नाही, असं सांगायचं."

आप्पांनी मान हलवली. वेळ होती संध्याकाळी सात वीसची.

त्या संध्याकाळी आभाळ स्वच्छ होतं. चौघांनी मोबाईलवर वेळेची टिकटिक लावून रेकॉर्डिंग सुरू केलं. तारा गेला की "गेला" म्हणायचं, परत दिसला की "आला". झाल्या झाल्या सरांचा फोन, चौघं एकत्र. "जय भीम सर," आप्पा म्हणाले. "शरणार्थ आप्पा!" सरांनी आप्पांच्या रीतीचा नमस्कार केला. "माझ्याकडं गेला! पाच सेकंद!" शेखभाईंकडं चार, माझ्याकडं तीन.

"आप्पा, तुमच्याकडं गेला का?"

"हाव सर. आसंल की दीड-दोन सेकंद."

रविवारी दुपारी आम्ही कंधारला सरांच्या घरी आलेखाच्या कागदावर रेघा मारायला बसलो. तीन रेघांचं छान अंडं झालं. चौथी उदगीरची मारली आणि अंड्याला शेपूट फुटलं! सरांनी तीनदा खोडलं, तीनदा काढलं. शेवटी पेन्सिल खाली ठेवली. "यातली एक जरी रेघ खोटी असेल, तर हा रिपोर्ट मी पाठवणार नाही." त्यांचा चेहरा मला बघवेना.

"आप्पा, तुमचं रेकॉर्डिंग?" मी विचारलं.

"मोबाईलमधून निघंना ते," आप्पा फरशीकडं बघत म्हणाले. शेखभाईंनी मोबाईल घेतला आणि बटण दाबलं.

टिक, टिक. मग आप्पांचा आवाज. "हाय." टिक, टिक. "हाय." मध्येच कुणीतरी, "आप्पा, तूर हाय का?" "गप! हाय." सात वीस झाले तेव्हा तर श्वास न घेता, "हाय, हाय, हाय, हाय." पाच मिनिटांत एकदाही "गेला" नाही. शेवटी अगदी हळू, "हाय अजून. आता सरांना काय सांगू?"

टिकटिक बंद झाली. आप्पांचे डोळे भरले होते. "सर, दिवे लागले होते. त्यात तुमची शेवटची खेप. तोंडातून निघंनाच."

सर भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून म्हणाले, "आप्पा, आता दुपारचे दोन वाजलेत. दिवे लागायला वेळ आहे. सांगा, गेला होता का तारा?"

"न्हाई सर."

"मोठ्यानं."

"न्हाई गेला!"

सरांनी चष्मा पुसला, शेपूट खोडलं आणि अंड्याच्या खाली, अगदी काठाला लागून, उदगीरची रेघ ओढली.