बयाबाईच्या फोनला एक दिवस हवा होता

बयाबाईचा हात पहिल्यापासून चालता. नव्या लग्नात नवऱ्यानं दारू पिऊन काठी उगारली, तर तिनं मुसळ असं घातलं की त्याचं मनगट मरेपर्यंत वाकडंच राहिलं. पुढं बिचारा त्याच हातानं तिला पाण्याचा तांब्या आणून देई. एकदा गोठ्यात निघालेला नाग तिनं खुरप्यानं चिरला आणि हात धुऊन भाकरी थापायला बसली.

देवळाली कॅम्पाच्या पलीकडं, दारणेच्या काठी तिची वीस गुंठे कोथिंबीर. तिला लागून दुसऱ्याचा ऊस. त्या उसात बिबट्या राहायला आला. पंधरवड्यात त्यानं चार कुत्री फाडली आणि वस्तीवरल्या एका मजुराचा गळा फोडला.

धाकट्या दिराची मुलगी योगिनी कॉलेजात शिकते. तिनं शिवारापुरतं ॲप बनवलं. ज्याला बिबट्या दिसेल त्यानं बटण दाबायचं, की सगळ्यांचे फोन भोंग्यासारखे बोंबलणार. जुन्या फोनांत ते बसलं. बयाबाईचा फोन नवा, तो अडला. ॲप बनवणाराची फोनवाल्या कंपनीकडं नोंदणी नाही म्हणाला. टाकायचंच असेल तर एक दिवस थांबा. वर विचारलं, कुणी दमदाटी करून टाकायला लावतंय का?

"ही लावतीय बाबा, पण लाडानं," बयाबाई फोनला म्हणाली.

"बरोबर अडवतोय तो!" योगिनीची आई झुंबर कडाडली. "मागं लग्नपत्रिका म्हणून आलेलं उघडलं नि मेल्यांनी माझं खातं धुऊन नेलं. तू नाव नोंदव ना भवाने! चोर हायेस का?"

"आई, शिवारातली सगळी माणसं मला ओळखतात. मग परक्या कंपनीला आधार कार्ड कशाला दाखवू?"

"कंपनी नाय ना ओळखत तुला!"

"भांडा निवांत," बयाबाई म्हणाली. "बिबट्या थांबलाय तोवर." आणि तिनं एक दिवस थांबायचं बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना ती कोथिंबीर कापायला वाकली. तिकडं कॅम्पात तोफांचा सराव धडाडत होता. बांधापलीकडच्या गोरक्षला बिबट्या दिसला, त्यानं बटण दाबलं. शिवारभर फोन बोंबलले, बाया घराकडं पळाल्या. बयाबाईच्या कमरेच्या फोनचा दिवस अजून भरला नव्हता, तो मुका. बाकीच्यांचे भोंगे नि गोरक्षच्या हाका तोफांनी गिळल्या.

जनावर पाठीवर पडलं. दात उजव्या खांद्यात रुतले आणि हाड मोडल्याचा आवाज तिनं स्वतः ऐकला. तोंड मातीत गेलं. विळा डाव्या हातात घेतला आणि मागं न बघता घातला. पुन्हा घातला. मानेवर गरम रक्त आलं, कुणाचं ते कळेना. तिसऱ्या घावाला बिबट्यानं पंजा मारून तिचा कान सोन्याच्या कुडीसकट ओरबाडला आणि तो उसात पळाला.

"मेल्या, कुडी तरी ठेवायची!" ती ओरडली, मग बेशुद्ध पडली.

दवाखान्यात योगिनी तिचे पाय धरून रडली. त्याच आठवड्यात तिनं नोंदणीला कागद दिले. मंजुरी कधी येईल कुणाला ठाऊक; तोवर नव्या फोनांना तो एक दिवस लागणारच.

मग बयाबाईनं काम धरलं. ज्याच्या फोनचा दिवस चालू असेल, त्याच्या बांधावर हात गळ्यात बांधून जाऊन बसायचं, डाव्या हातात विळा. झुंबरनं शेवटी नवा फोन घेऊन ॲप टाकायला लावलं, त्या दिवशी तिच्याही बांधावर.

"घरी पडा की जाऊबाई, टाके उसवतील."

"तू काप कोथिंबीर. मी उसाकडं बघते."