गाडीला बाहेरचं लागलं

आमच्या घरात वस्तूंच्या दोनच जाती. एक कंपनीची, दुसरी बाहेरची. मिक्सरचं भांडं असो की कुकरची रिंग, नवरा दुकानाची पायरी चढतानाच विचारतो, “कंपनीचं आहे ना?” त्यामुळे माझ्या लाल गाडीला नवा इनटेक बसवायचा विषय मी काढला, तेव्हा त्याचं मत काय पडणार हे मला आधीच माहीत होतं.

इनटेक म्हणजे गाडीचं नाक. इंजिनला हवा जाते ती त्या नळीतून आणि तिच्या तोंडाशी असलेल्या फिल्टरमधून. शोरूममध्ये कंपनीच्या शिक्क्याचा मिळत होता. बंद डबा, वॉरंटी शाबूत, आवाज मात्र जवळजवळ नाहीच. कल्याणला पुलाखालच्या दुकानात दुसरा होता, उघडा, निमुळता, लालभडक. दुकानदाराने तो बसवलेली स्वतःची गाडी मला चालू करून दाखवली. ॲक्सिलरेटर दाबला की घूंऽऽ, सोडला की फुस्स! चाळिशी ओलांडून गाडी शिकलेली मी बाई, भर बाजारात टाळ्या वाजवायच्या बेतात होते.

“पिकअप वाढेल का हो?” मी विचारलं.

“मॅडम, खरं सांगू? उन्नीस-बीस. पण मजा येईल.”

इतका प्रामाणिक दुकानदार मी पहिल्यांदाच बघत होते.

घरी नवऱ्याने मुद्दे मांडले. उघडा फिल्टर इंजिनजवळची गरम हवाच ओढणार. पावसात रस्त्यावर पाणी साचलं की जपावं लागणार. वॉरंटीचं काम निघालं की शोरूमवाले तोंड वाकडं करणार. सगळं खरं होतं.

“अरे, पण कंपनीचं लावून कळणार कुणाला?” मी म्हणाले.

“कुणाला कळायला हवंय?”

माझ्या डोक्यात हवा गेलेलीच होती, गाडीच्या जायची तेवढी बाकी होती.

खरी धाकधूक होती ती सासूबाईंची. रविवारी त्यांच्या धाकट्या बहिणीकडे खडवलीला जायचं होतं. मी गाडी चालवत असताना त्या आजवर एकदाही बसलेल्या नव्हत्या. “तू हो पुढे, मी येते रिक्षाने,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. या वेळी मी लाडीगोडी लावून, त्यांच्या आवडीचे घावणे घालून, कसाबसा होकार मिळवला होता. त्यांनी माझ्या भरवशावर एकदा बसावं, एवढंच मला हवं होतं. गाडीचा आवाज ऐकून त्या बिथरल्या असत्या तर सगळंच मुसळ केरात.

तरी शनिवारी मी कल्याणला गेलेच. परत आले ती तरंगतच. स्वयंपाकघरात शिरता शिरता नवऱ्याला फोन लावला आणि ओरडले, “अरे, बाहेरचंच लागलं शेवटी! काय घुमतेय म्हणून सांगू!”

हॉलमध्ये सासूबाई मेथी निवडत होत्या. रत्नागिरीकडच्या माणसाला या दोन वाक्यांचा एकच अर्थ लागतो. बाहेरचं लागलं म्हणजे भुताने धरलं, आणि धरलेली बाई घुमते.

फोन ठेवून बघते तर मेथी तशीच पसरलेली आणि सासूबाई गायब. खाली पार्किंगमध्ये सापडल्या. मुठीत मीठ, मोहरी, मिरच्या घेऊन गाडीच्या बॉनेटवरून उतरवत होत्या.

“कुठे गेलेलीस हिला घेऊन?”

“कल्याणला.”

“कल्याणला कुठे?”

“पुलाखाली.”

“तिन्हीसांजेची?”

“हो, म्हणजे... दिवे लागायच्या सुमारास.”

“आणि केस मोकळे सोडून!”

केस खरंच मोकळे होते. मला इतकं हसू आलं की बंपरला टेकून मी फरशीवरच बसले. त्यावरून त्यांची खात्री पटली की मलाही लागलंय. लगेच ती मूठ माझ्यावरूनही फिरली.

हसू आवरल्यावर मी बॉनेट उघडून त्यांना लाल फिल्टर दाखवला, बाहेरचं म्हणजे हे, असं समजावलं. मग गाडी चालू केली. घूंऽऽ झालं तेव्हा त्या धीराने उभ्या होत्या, फुस्स होताच दोन पावलं मागे गेल्या.

“जोरात पळते का याने?”

“नाही हो आई. फारसं नाही.”

“मग?”

“आवाजासाठी बसवलं. मला आवडतो.”

“नुसत्या आवाजासाठी?”

“नुसत्या आवाजासाठी.”

सासूबाई मूठ तशीच आवळून लिफ्टकडे गेल्या. बोंबललं उद्याचं, मी मनात म्हटलं. जेवताना नवऱ्याच्या चेहऱ्यावर ‘सांगत होतो’ असं लिहिलेलं होतं आणि मला खरंच रडू येत होतं.

सकाळी नवरा सवयीने गाडीचं पुढचं दार उघडून उभा होता. आमच्याकडे पुढची सीट पुरुषांची. आधी सासऱ्यांची, मग दिराची, जावयाची. सासूबाई कायम मागे, मांडीवर डबे घेऊन. त्या खाली आल्या, डबे मुलाच्या हातात दिले आणि त्याला बाजूला सारून पुढे जाऊन बसल्या.

“आई, मागे आरामात बस ना,” तो म्हणाला.

“मागे काय ऐकू येणार, डोंबल?”

बेल्ट कसा लावायचा ते त्यांना माहीत नव्हतं. मी वाकून लावला. टिटवाळ्याच्या पुढे रस्ता जरा मोकळा झाला. सासूला शेजारी बसवून चालवणाऱ्या सुनेने जशी चालवावी, तशी मी चालवत होते, इतकी सांभाळून की गाडीतून हूं की चूं नाही. सासूबाईंनी पदर खोचला आणि समोर बघतच म्हणाल्या,

“घाबरतेस काय गो? दाब.”