म्हैसूरची यमुना आणि सिलोनचा संघ

म्हैसूरचे स्टेशन आले तेव्हा माझ्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेला चामडी चेंडू होता. पुण्याहून निघाल्यापासून बायकांच्या डब्यात त्याचीच चौकशी चालली होती. हुबळीला चढलेल्या एका बाईंनी तर भोपळा समजून तो दाबून पाहिला. पुण्यात मी मुलींच्या शाळेत शिकवते आणि त्यांना नेटबॉल खेळायला लावते. म्हैसूरच्या एका कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका सरस्वतम्मा यांनी मला सुटीत बोलावले होते. सिलोनहून मुलींचा एक संघ त्यांच्या शाळेशी सामना खेळायला येणार होता, आणि तयारीला आठवडे होते फक्त तीन.

“बन्नी, बन्नी” (या, या) म्हणत सरस्वतम्मा स्वतः स्टेशनावर आल्या होत्या. जटक्यात (एका घोड्याच्या छपरी गाडीत) बसून आम्ही निघालो. रस्ते रुंद आणि झाडलोट केलेले. कुठेही वळलो तरी चामुंडीचा डोंगर दिसायचाच. घरी पोचताच पुढ्यात उप्पिट्टू (आपले उपीट, पण तुपाने निथळणारे) आणि पितळी पेल्यात कॉफी आली. मी चहाची माणूस. चौथ्या दिवशी चहाची आठवणही होईना.

मैदानावर पहिल्याच दिवशी यमुना दिसली. उंच, सावळी, नऊवारीचा काष्टा घट्ट खोचलेली. खांबावरच्या लोखंडी कड्यात ती चेंडू असा टाकी की कड्याला स्पर्शही होत नसे. इतर मुलींची नावे शिकायला मला दोन दिवस लागले, हिचे विचारावे लागले नाही. सगळ्या जणी तिचेच नाव घेऊन ओरडत होत्या. तिच्या घरी मराठी बोलतात हे कळल्यावर मला फार बरे वाटले. दुसऱ्या आठवड्यात ती एकाएकी येईनाशी झाली.

“तिला बन्नूरचं स्थळ आलंय,” सरस्वतम्मा म्हणाल्या. “वडील खेळाला नको म्हणतात. तुम्ही त्यांच्या भाषेच्या. जाऊन बघा.”

यमुनाचे वडील दत्ताजीराव म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात दफेदार होते. पणजोबांच्या काळापासून हे घराणे म्हैसुरातच. त्यांनी मला ओसरीवर बसवले, नंजनगुडची केळी पुढे केली.

“बाई, स्वल्प (थोडं) खाऊन घ्या,” ते म्हणाले. “पण खेळाचं बेडा (नको). उसाचे मळे असलेलं घर आहे. पोरगी चारचौघांत धावते असं त्यांच्या कानावर गेलं तर?”

“चेंडू हातात असताना या खेळात धावताच येत नाही,” मी म्हटले. “जिथे झेलला तिथेच थांबायचं. समोरचीनं अंगाला हात लावायचा नाही, तीन फूट लांब राहायचं.”

ते चमकले. “धावत येऊन एकदम थांबायचं? अय्यो, हे तर घोड्यालासुद्धा शिकवायला वर्ष लागतं.”

दाराआडून यमुना म्हणाली, “मला येतं, अप्पा.”

दत्ताजीरावांनी दाराकडे वळून पाहिले. मग म्हणाले, “सरी (बरं). पण आत एकही पुरुष नको. मीसुद्धा नाही.”

सिलोनच्या मुली आल्या त्या पांढरे झगे आणि कॅनव्हासचे बूट घालून. आमच्या साऱ्या अनवाणी. पाहुण्यांना पाहून आमच्या मुलींचे पाय जमिनीला चिकटले. यमुनाचे पहिले चार चेंडू कड्यावर आपटून परत आले. मैदानाभोवती बसलेल्या बायकांत कुजबुज सुरू झाली, “हिलाच का पुढे ठेवलंय?” मला वाटले, एका कुटुंबाची घडी मी उगाच विसकटली की काय!

तेवढ्यात यमुना भिंतीकडे पाहत उभी राहिली. मीही पाहिले. भिंत पुरुषभर उंचीची, आणि तिच्यावरून एक फेटा आणि घोड्याची मान दिसत होती. दत्ताजीराव बाहेर रस्त्यावर घोड्यावर बसून आत पाहत होते! दिलेला शब्द त्यांनी पाळला होता. ते आत आले नव्हते. त्यांनी हाक मारली नाही की हात हलवला नाही. फक्त लगाम आवळून घोडा जागच्या जागी स्थिर धरला होता.

यमुनाने पदर पुन्हा खोचला. पुढचा चेंडू तिने धावत येऊन झेलला, जागीच रुतल्यासारखी थांबली, श्वास सोडला आणि टाकला. कडे हललेही नाही. त्यानंतर तिचे दोनच चेंडू चुकले. सामना आम्ही एका गोलने हरलो, पण शेवटी पाहुण्या मुलीच तिच्याभोवती गोळा झाल्या.

त्यांच्या शिक्षिका सरळ बाहेर दत्ताजीरावांकडे गेल्या. मी दुभाषी. पुढच्या वर्षी मद्रासचा संघ कोलंबोला येणार होता. तेव्हा यमुनाने सिलोनच्या संघातून खेळावे आणि तोवर वर्षभर तिथेच राहून मुलींना खेळ शिकवण्याचे शिक्षण घ्यावे, अशी त्यांची इच्छा होती.

दत्ताजीराव घोड्यावरून उतरले. “समुद्र ओलांडायला किती वेळ लागतो?”

“धनुष्कोडीहून आगबोटीनं दोन-तीन तास,” मी सांगितले.

“पोचवायला मी येईन,” ते म्हणाले. “बन्नूरच्या लोकांना सांगतो, वर्षभर थांबा. नाही थांबले तर नाही थांबले.”

यमुना वडिलांच्या घोड्याच्या मानेवर तोंड ठेवून रडली.

परतीच्या प्रवासात गाडी धारवाडच्या काळ्या रानातून चालली होती आणि मला स्वतःचीच लाज वाटत होती. इतकी वर्षे मी पालकांना एकच हमी देत आले: काळजी करू नका, खेळ शाळेच्या आवाराबाहेर जाणार नाही. परवानगी मिळावी म्हणून मुलींचे जग मीच लहान करून सांगत होते.

शाळा उघडली त्या दिवशी एका विद्यार्थिनीची आई आली. “बाई, हा खेळ खेळून माझी मुलगी जाणार कुठे?”

मी म्हटले, “यंदा सोलापूरला, सामना खेळायला. पुढचं तिच्या हातात आहे.”