एक तरी फुटला पाहिजे

त्यांना सगळे जपूनराव म्हणायचे. आईबापांनी ठेवलेलं चांगलं भारदस्त नाव होतं, पण ते आता लायसन्सवर तेवढं उरलं होतं. कारखान्यातून माणसाहून उंच काचा ट्रकमध्ये उभ्या करायच्या आणि गावोगावच्या दुकानांत नेऊन पोचवायच्या, ही त्यांची नोकरी. हमालांनी काचेला हात लावला रे लावला की जपूनराव खालून "जपून, जपून" सुरू करायचे, ते शेवटची काच भिंतीला टेकेपर्यंत तोंड मिटायचे नाहीत. उभ्या नोकरीत त्यांच्या गाडीत एक काच तडकली नव्हती. त्याचं बक्षीस काय, तर मालक अधूनमधून पाठीवर थाप मारायचे, आणि तीसुद्धा हळूच.

आता माणसाची एखादी सवय कामापुरती असते. यांची घरभर पसरलेली. कपाटाचं दार लावायचं तर मूठ धरून, आवाज न करता. काचेची वस्तू दोन हातांनी धरायची, मग ती औषधाची बाटली का असेना. बायकोशी भांडायचं तर आधी खिडकी बंद करायची, आणि खिडकी लागेपर्यंत राग कुठल्या कुठे गेलेला. लग्नात कुणीतरी सहा काचेचे पेले दिले होते, कडेला निळी रेघ असलेले. "रोज वापरले तर फुटतील," म्हणून ते खोक्यासकट कपाटावर गेले, ते लेक मोठी होऊन नांदायला गेली तरी खाली उतरले नाहीत. बायको अधूनमधून खोकं पुसायची, आत पेले आहेत ना एवढं बघायची आणि परत वर ठेवायची.

शर्यतीचं खूळ आलं ते साडूमुळे. बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा खडीचा डंपर चालवायचा, आणि बोलायचाही तसाच, एकदम सगळं ओतून मोकळा. विमानं उतरायची बंद झालेल्या एका जुन्या धावपट्टीवर ट्रकवाल्यांच्या संघटनेनं शर्यत ठेवली होती. दोन डिझेल ट्रक शेजारी शेजारी उभे करायचे, झेंडा पडला की सरळ सुसाट सुटायचं. वळण नाही, वळसा नाही, आधी पोचेल तो जिंकला. सुट्टीच्या दिवशी जेवायला आलेला साडू ताटावरच सुरू झाला.

"मी नाव दिलंय. तुम्ही पण या की साडूभाऊ. बघायला हो, भाग घ्यायला नाही! तुम्ही ट्रक चालवता की पाळणा हलवता, तेच कळत नाही."

मेहुणी हसली. ती हसणारच, नवरा तिचा. पण बायकोही हसली. चांगली खळखळून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. जपूनरावांना ते झोंबलं. साडूचं बोलणं त्यांनी कधीच मनाला लावून घेतलं नव्हतं. पण ही बाई इतकी वर्षं आपल्या घरात वावरते, आणि तिला आपण असे दिसतो?

"मीही नाव देणार," ते म्हणाले. तेसुद्धा इतक्या हळू की दोनदा म्हणावं लागलं.

पाहुणे गेल्यावर बायको भांडी आवरता आवरता म्हणाली, "कशाला उगीच इरेला पेटलात? तो मेला चेष्टा करत होता."

"त्याचं काही नाही गं. तू हसलीस."

तिचा हात थांबला. "आता हसू आलं त्याला मी काय करू? अहो, तुम्ही जिंका नाहीतर हरा, मला त्याचं सोयरसुतक नाही. पण तुम्ही एकदा तरी बेभान होऊन गाडी हाणाल, हे मला कुणी शपथेवर सांगितलं तरी पटायचं नाही."

"आणि हाणली तर? तुला कळणार कसं?"

बायकोनं कपाटावर नजर टाकली. "ते पेले गाडीत मागे ठेवायचे. कागद नाही, चिंधी नाही, नुसते खोक्यात. एक तरी फुटला, तर मानलं तुम्हाला."

"लग्नातले पेले?" जपूनराव दचकलेच.

"बघा! झालं सुरू."

"ठेव," जपूनराव म्हणाले. "खुशाल ठेव."

मालक ट्रक द्यायला एका पायावर तयार झाले. "न्या हो, तुमच्या हातून गाडीला काय होणार!" म्हणजे तिथंही तेच. जपूनरावांनी काचा टेकवायची लाकडी चौकट उतरवली, जादाचं चाक काढलं, गाडी हलकी केली. बाकीच्या मंडळींनी तर मिस्त्रीकडे जाऊन इंजिनाला ढोसून डिझेल पाजायची सोय करून घेतली होती. उभ्या उभ्या रेस केली तरी काळ्या धुराचे लोट उठत होते. जपूनरावांनी चाकांतली हवा पुन्हा एकदा तपासली.

शर्यतीआधी ते सवयीनं मागे गेले. खोकं हौद्यात मधोमध एकटंच ठेवलेलं. बघवेना. हात शिवशिवले, आणि त्यांनी एक जुनी चादर खोक्याभोवती खोचून टाकली.

"काढा ती," मागून बायकोचा आवाज आला. "लबाडी नको."

त्यांनी काढली. मग ती पलीकडच्या टोकाला, शेवटच्या रेषेपाशी जाऊन उभी राहिली.

झेंडा पडला. साडूचा डंपर उसळून सुटला. जपूनरावांनी आधी आरशात पाहिलं, इंडिकेटर दिला आणि मग निघाले.

"काका, कुठं वळायचंय?" गर्दीतून कुणीतरी बोंबललं आणि धावपट्टीच्या दोन्ही बाजूंनी हशा पिकला.

तो हशा ऐकला आणि जपूनरावांच्या डोक्यात सणक गेली. त्यांनी पाय दाबला, पार खाली पत्र्याला टेकेपर्यंत. टर्बोनं शिट्टी घातली, स्टिअरिंग थरथरलं. आरशात काळा धूर दिसला, आणि तो आपलाच आहे हे कळायला जरा वेळ लागला. तोंडातून एक शिवी गेली. अशी शिवी आपल्याला येते हे त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं, आणि गंमत म्हणजे लाजही वाटली नाही. "हाण! हाण!" ते एकटेच केबिनमध्ये ओरडत होते. गिअर बदलताना क्लच तेवढा नेहमीसारखा सुटत होता, झोपलेल्या लेकराच्या मानेखालून हात काढावा तसा. पण ते त्यांच्या गावीही नव्हतं.

ते पोचले तेव्हा साडू इंजिन बंद करून, खाली उतरून, चार जणांशी हात मिळवून मोकळा झाला होता. "काय साडूभाऊ, मध्ये चहाला थांबला होतात का?"

जपूनरावांना त्याचं काहीच वाटलं नाही. हरलो तर हरलो. एक काय, सहाच्या सहा फुटले असणार, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

"तुम्ही बसा, मी बघते," म्हणत बायको मागे गेली. ते बसून राहिले, कारण टर्बो तापलेला असताना इंजिन झटक्यात बंद करायचं नसतं. थोडा वेळ चालू ठेवून थंड होऊ द्यावं लागतं, आणि हा नियम त्यांनी आजवर मोडला नव्हता. हौद्याचा मागचा फाळका खाली पडल्याचा धक्का बसला. मग काहीच नाही.

"किती गं?" त्यांनी हाक मारली. इंजिनाच्या घरघरीत ती तिला ऐकू गेली नसावी. उत्तर आलं नाही. आणखी थोडा वेळ गेला, आणि जपूनरावांना धीर धरवेना. जन्मात पहिल्यांदा त्यांनी तापलेलं इंजिन तसंच खटकन बंद केलं.

सगळं एकदम शांत झालं. आणि त्या शांततेत मागून आवाज आला. खळ्ळ!

एकच. खोक्यात काच फुटली की आवाज दबका येतो, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. हा मोकळा होता. कंबरेएवढ्या उंचीवरून सिमेंटवर पडलेला. आणि आत्ता, या क्षणी.

म्हणजे सहाही शाबूत होते तर. सगळा जीव ओतून, शिव्या घालून, पाय पत्र्याला टेकवूनसुद्धा. जपूनरावांना रडू यायचंच बाकी राहिलं. ते सावकाश उतरले आणि मागे गेले.

बायको खोकं छातीशी धरून उभी होती. तिच्या पायाशी निळ्या रेघेचे तुकडे पडले होते आणि पेल्याचं बूड अजून जागच्या जागी डुलत होतं.

"फुटला हो," ती म्हणाली. कानापर्यंत लाल झाली होती. खोटं बोलणं तिला कधी जमलंच नाही. "खोक्यातच फुटला होता. मी उतरवायला गेले तर तुकडे खाली सांडले."

जपूनरावांनी तुकड्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. हिनं लग्नातला पेला स्वतःच्या हातानं फोडला, आपल्यासाठी.

"सांगितलं नव्हतं?" ते म्हणाले, चक्क मोठ्यानं, पलीकडे साडूलाही ऐकू जाईल असं. "अगं, बेभान झालो होतो मी!"

"आग लागो त्या बेभान होण्याला. जीव टांगणीला लागला होता माझा," ती म्हणाली आणि तुकडे गोळा करायला खाली वाकली.

त्यांच्या जिभेवर नेहमीचा शब्द आला होता. त्यांनी तो गिळला, आणि तिच्या शेजारी बसून तुकडे वेचायला लागले.

घरी आल्यावर ते खोकं कपाटावर गेलं नाही. बायकोनं उरलेले पाच पेले धुऊन ओट्यावर पालथे घातले, आणि त्यातल्याच एकातून त्यांना पाणी आणून दिलं. जपूनरावांनी तो पेला एका हातानं धरला.