दोघींचं फोल्डर

शहरातल्या महाल भागातल्या भाड्याच्या खोलीत बसून मी लॅपटॉपवरच्या एडिटरमध्ये जावा ही प्रोग्रामिंगची भाषा बसवत होते. कॉलेजच्या पहिल्या वर्षी आम्ही दोघी मैत्रिणी पायथन शिकलो. आमच्या दोघींच्याही घरात याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं, त्यामुळे अडलं की एकमेकींनाच विचारायचो. ती पुस्तकातलं मोठ्याने वाचायची, मी टाइप करायचे. पान संपलं की जागा बदलायची. जावाही असंच शिकायचं ठरलं होतं.

पण उन्हाळ्यात तिच्या आईला लकवा झाला आणि ती खापरखेड्याला घरीच राहिली. नव्या सत्राला येते म्हणाली होती. प्रवेशाची मुदत संपत आली, तरी मी तिला विचारलं नव्हतं. विचारलं तर उत्तर मिळेल, याचीच बहुतेक भीती वाटत होती.

जावा उतरवून घेतलं, एडिटरला त्याचं एक्स्टेंशन जोडलं, छोटा प्रोग्राम लिहिला. चालेना. मेन क्लास सापडत नाही, एवढंच स्क्रीनवर परत परत येई. शेवटी दुपारी तिला व्हिडिओ कॉल केला. ती आईला भरवत होती.

"कोणत्या फोल्डरात ठेवलं वं?"

"आपल्याच. 'दोघी'मध्ये."

"त्याचं नाव मराठीत आहे ना. पायथनले चालत होतं, याले नसन चालत. इंग्रजी नावाचं नवीन कर."

"तू आल्यावर करू."

"काहून? मी येऊन का त्याची पूजा करू?" ती हसली. मी हसले नाही, तेव्हा तीही थांबली. "मी नाही येत वं. बाबा ड्युटीवर गेले का आईले उचलायले कोणीच नसते. तू माह्यासाठी थांबून नको राहू."

"पुढच्या वर्षी?"

"पाहू."

मागून तिची आई जड जिभेने काहीतरी म्हणाली. मला कळलं नाही.

"आई विचारून राहिली, जेवली का तू?"

"हाव," मी म्हणाले. जेवले नव्हते.

फोन चालू ठेवूनच नवीन फोल्डर केलं. नाव सुचेना, म्हणून विषयाचं दिलं. फाइल त्यात हलवली. प्रोग्राम चालला, स्क्रीनवर एक ओळ उमटली.

"चाललं का?"

"हाव."

"दाखव."

मी फोन स्क्रीनसमोर धरला. ती पाहत राहिली. त्या एका ओळीत इतका वेळ पाहण्यासारखं काही नव्हतं. मी हात हलू दिला नाही.