मामांच्या कारखान्यातला बोलका कंप्यूटर

पेणला माझ्या मामांचा गणपतींचा कारखाना आहे आणि मी रोह्याच्या एका कंपनीत कंप्यूटर सांभाळतो. मूर्ती न्यायच्या दिवशी गिऱ्हाइकांचे नंबर पुकारून पुकारून मामीचा घसा बसायचा. एका वर्षी मी फुशारकीनं म्हणालो, "मामी, या खेपेला कंप्यूटर ओरडेल."

माझ्या प्रोग्रामला स्वतःला बोलता येत नव्हतं. मूर्तीच्या पाटावरच्या चिठ्ठीचा नंबर टाकला, की तो कंप्यूटरमधल्या दुसऱ्या, बोलणाऱ्या प्रोग्रामला हुकूम सोडायचा. हुकूम सोडून पुढे निघून जाता येतं, नाहीतर समोरच्याचं काम होईपर्यंत थांबता येतं. थांबणं मला कमीपणाचं वाटलं, म्हणून मी न थांबणारा प्रोग्राम लिहिला. आदल्या दिवशी एकच नंबर टाकून पाहिला. "नंबर सतरा, मूर्ती तयार आहे," असा गोड आवाज आला आणि मामांनी स्पीकरला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ड्यूटीवर असताना मामीचा फोन.

"अरे, तुझ्या डब्याला दहा तोंडं फुटली हायत! गणपतीच्या कारखान्यात रावण बसवलास काय?"

मामीनं वेळ वाचवायला दहा नंबर एकदम टाकले होते. माझ्या प्रोग्रामनं दहा हुकूम सोडले आणि दहाही आवाज एकाच वेळी सुरू झाले. दारातल्या एका आजोबांना आरती सुरू झाली असं वाटलं. त्यांनी चपला काढून टाळ्या धरल्या. त्यांचं बघून आणखी चौघांनी धरल्या.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी गाडी पकडली. निडी स्टेशन येईपर्यंत चूक कळली होती. पेणला उतरून मी एवढंच बदललं, की एक नंबर बोलून संपेपर्यंत पुढच्या नंबरचा हुकूम जाऊ नये. मग नंबर रांगेनं येऊ लागले. मी ऐटीत चहा मागवला.

छत्तीस नंबरनंतर मात्र सगळं शांत झालं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. गिऱ्हाइकं स्पीकरकडे तोंड करून उभी. बोलणारा प्रोग्राम पडद्यामागे कसलीशी परवानगी मागत अडला होता आणि माझा प्रोग्राम शहाण्या मुलासारखा त्याची वाट बघत होता. मी घाम पुसत खटपट करत राहिलो. शेवटी मामीनं पदर खोचला.

"सदतीस! अडतीस! एकोणचाळीस! या, या, म्होरं या!"

रांग हलली. मी कंप्यूटर सोडून मूर्तींचे पाट टेम्पोपर्यंत उचलून द्यायला लागलो. मूर्तीला धक्का न लावता पाऊल टाकणं हेच त्या दिवशीचं माझं खरं काम ठरलं.

संध्याकाळी जेवताना मामीला उपाय सांगितला, "आता दहा सेकंदच थांबायचं. समोरचा बोलला नाय, तर त्याला सोडून पुढचा नंबर."

मामी बसक्या आवाजात म्हणाली, "हे मला लग्नात कोणी सांगितलं नाय रे."

मामा मान खाली घालून भात कालवत राहिले.