अण्णांच्या जीपमधला चौथा प्रवासी

कॉलेजात असताना आम्ही तिघी मोबाइलवर गेम खेळायचो: मी, वरच्या मजल्यावरची माझी मैत्रीण आणि पैठणची चुलतबहीण. संध्याकाळी आपापल्या घरातून एकाच बेटावर उतरायचं, बंदुका शोधायच्या, जीप मिळवायची आणि शेवटपर्यंत जिवंत राहायचं. बेटाभोवती विषारी धूर आवळत येतो. त्यात अडकलं की संपलं. चौथा गडी गेमच कुठला तरी अनोळखी आणून बसवायचा.

एकदा ऐन रंगात आईची हाक आली, "पोळ्या कोण लाटणार?" जीप मी चालवत होते. सोडली असती तर दोघी मेल्या असत्या. समोर अण्णा टीव्ही बघत बसलेले. अण्णा म्हणजे माझे वडील, एसटीत ड्रायव्हर, नुकतेच ड्युटीवरून आलेले. मी हेडफोन उपसला आणि फोन त्यांच्या हातात कोंबला. "फक्त चालवा!"

पहिली पोळी तव्यावर पडेपर्यंत बाहेर आरडाओरडा सुरू झाला. मैत्रीण फोनमधून किंचाळत होती, "अंकल, वो दुश्मन है! उडा दो उसको!"

"उडव काय? आजवर कोंबडीबी नाय आली माझ्या गाडीखाली."

अण्णांनी हॉर्न दिला आणि दुश्मनाला व्यवस्थित वळसा घातला. तो इतका चक्रावला की गोळी झाडायचंच विसरला.

तेव्हापासून अण्णा घरी आले की चहाआधी विचारायचे, "आज गाडी कधी सुटणार?" जीप दिसली की फोन त्यांचा, गोळीबार सुरू झाला की माझा. बहीण नेम धरायला खिडकीबाहेर वाकली की अण्णा ओरडायचे, "डोकं आत घे, पोरी!"

एका संध्याकाळी चौथा म्हणून एक मुलगा आला. आमचे आवाज ऐकताच म्हणाला, "अरे यार, सब लडकियाँ? जाके चूल्हा सँभालो!" आणि वर शिवी.

जीप अण्णांकडे होती. त्यांनी ती रस्त्याच्या कडेला घेतली आणि फार गोड आवाजात म्हणाले, "बेटा, पीछे का दरवाजा ठीक से नहीं लगा. जरा उतरके देखता?"

तो उतरला. अण्णांनी जीप सोडली.

आम्ही तिघी हसून हसून लोळलो. आई लाटणं घेऊन बघायला आली. थोडं पुढं जाऊन अण्णांनी मात्र वेग कमी केला.

"माळावर सोडलाय त्याला. मागून दुसरी गाडीबी नाय."

"अण्णा, गेम आहे!"

"व्हय, पण पोरगं खरंच हाय ना?"

जीप वळली, ती थेट धुरात. धुरानं अर्धमेला झालेला मुलगा रांगत होता. मैत्रिणीनं नाइलाजानं त्याला उचलून उभं केलं आणि तो निमूट मागं बसला.

"सॉरी अंकल."

"मेरे को मत बोल. बाजू में बैठी हैं, उन लडकियों को बोल."

तो दोघींना सॉरी म्हणाला, मग अण्णांनी सांगितलं म्हणून फोनजवळ बसलेल्या मलाही. तेवढ्यात धुरानं आम्हा सगळ्यांचाच निकाल लावला. बहीण फुरंगटली, अण्णा मात्र खुशीत जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी त्या मुलानं आमच्यासोबत खेळू का म्हणून विचारलं. मैत्रिणीनं त्याला चांगलं ताटकळत ठेवलं, मग घेतलं. तो नंतर बरेच महिने आमच्यासोबत खेळला. पण अण्णांनी काहीही सांगितलं तरी चालत्या गाडीतून किंवा थांबलेल्या गाडीतून तो कधी खाली उतरला नाही.